न तुटणाऱ्या गाड्या

आमच्या घरात व्हिडिओ गेम आली ती कपाशीच्या बियाण्याच्या जिवावर. अमडापूरच्या बाजाररस्त्यावर बाबांचं कृषी केंद्र होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये एक हिरवा पडदा. त्या पडद्याला कायम औषधाचा वास यायचा. औषध म्हणजे फवारणीचं. तो वास आमच्या गाद्यांना होता, वह्यांना होता, माझ्या वेणीलाही होता. वर्गातल्या मुली माझ्या बाकावर बसायला कुरकुरायच्या त्या त्यामुळेच. आई दिवसातून दहादा हात धुवायला लावायची. "आधी साबन लाव, मंग भाकरीले हात लाव," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही ताटावर बसताना ते कानात वाजतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, आंबाडीची भाजी, बाजाराच्या दिवशी शेवभाजी असं आमचं जेवण. प्रत्येक घासाला त्या वासाची किंचित कडवट चव असायची. मला तो वास आवडायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

बाबांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. त्यांना गरजच पडली नाही, जीभ पुरेशी होती. दुकानात दहा माणसं उभी असली की ते त्यातला एक निवडायचे आणि शेंग सोलावी तसा त्याला सोलायचे. कोणाचं तोतरं बोलणं, कोणाची माहेरी निघून गेलेली सून, कोणाच्या धोतराला मागून पडलेलं भोक. बाकीचे नऊ जण हसायचे, कारण जो हसणार नाही त्याचा पुढचा नंबर. मी पडद्याआडून ऐकायचे आणि हसायचे. आता कोणाची पाळी येणार हे मला बाबांच्या आवाजावरून आधीच कळायचं आणि ते कळतं याचा मला अभिमान होता. आई हसायची नाही. ती परातीत भाकर जरा जोरात थापायची, तेवढाच तिचा निषेध.

ते दिवस बीटी कपाशीचे. नवं बियाणं येऊन दोन-तीन हंगाम झाले असतील. बोंडअळी लागत नाही, फवारणी वाचते, असं सगळीकडे बोललं जायचं. ज्यांचं साधलं ते चावडीवर सांगत सुटायचे, ज्यांचं फसलं ते घरात बसायचे. त्यातलं एक वाण असं होतं की त्याच्यासाठी लोक चिखली, मेहकर पालथं घालायचे. आमच्याकडे त्याची पाकिटं यायची मोजकी आणि मागणारा अख्खा परिसर. पाकिटं कपाटात असताना चेहरा पाडून "संपली" म्हणणं ही बाबांची कला होती. द्यायचीच झाली तर सोबत न खपणारी खताची पिशवी गळ्यात मारायचे. मोठ्या पाकिटात एक छोटं पाकीटही निघायचं, साध्या कपाशीचं. ते शेताच्या कडेकडेनं पेरायचं असा नियम होता, पण तो पाळत कोणी नसे. लोक ती छोटी पाकिटं दुकानातच टाकून जायचे आणि आई ती केरातून वेचून एका डब्यात भरायची.

पाकिटं भरपूर खपवली म्हणून एका कंपनीने बाबांना बक्षीस दिलं. यादीत फ्रीज होता, गीझर होता आणि शेवटी ही गेम होती. फ्रीज आमच्याकडे होता. गीझरच्या पाण्याने अंघोळ करणारी माणसं बाबांना आजारी वाटायची. राहिली गेम. खोकं आलं तेव्हा घरात कोणालाच काही उमगलं नाही, म्हणून समोरच्या इस्माईलभाईंना बोलावलं. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि गावात वायरींबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा असायचा. खोक्यासोबत आलेली डिस्क मोटारींच्या शर्यतीची होती, एका मालिकेचा तिसरा भाग. आधीचे दोन भाग इस्माईलभाई अकोल्याला भावाकडे खेळले होते. वायरी जोडता जोडता ते मला म्हणाले, "बेटा, हे पोट्ट्यायचं खेळनं नोको समजू. ह्याच्यातली गाडी खरी हाय. नुसती दाबत राह्यशीन त सिद्धी भिताडात जाशीन." आणि मी सरळ भिंतीत गेले. मी पंधरा वर्षांची होते.

त्या गेमची थोरवी आधी सांगते, कारण ती खरी होती. पुढे ज्या गेम मी पाहिल्या त्यांत गाडी म्हणजे नुसतं पळणारं चित्र. इथे गाडीला वजन होतं. ब्रेक दाबला की तिचं नाक खाली जायचं, मागचा भाग हलका व्हायचा, आणि वळणावर जास्त हाव केली की मागची चाकं हात सोडून द्यायची. ओला रस्ता वेगळा, कोरडा वेगळा. टायर किंचाळले तर पुढचे की मागचे हे मी डोळे मिटून सांगायचे. आणि सुरुवातीला हातात काय, तर एक मरतुकडी जुनी गाडी. भारी गाडी मिळवायची तर आधी लायसनची परीक्षा द्यायची: इतक्या अंतरात थांबून दाखव, हे एकच वळण नीट घेऊन दाखव. मी एक वळण दोन दिवस घेत होते. चुकलं की ती गेम रागवायची नाही, टोमणा मारायची नाही, परत पहिल्या रेघेवर आणून उभी करायची. आमच्या घरात इतक्या सबुरीने मला दुसऱ्या कोणी काही शिकवलं नाही.

आणि खोट? तीही होती. दारावरून साधी बुलेट गेली तरी आमच्या बरण्या थरथरायच्या, आणि पडद्यावरची जगातली नामांकित गाडी आईच्या मिक्सरसारखी घुरघुरायची. बाकीच्या गाड्या बिनडोक. आखून दिलेल्या रेषेवरून चालायच्या, तुम्ही मध्ये आलात हे त्यांच्या गावीही नसायचं. गाड्या शेकड्याने, पण नीट पाहिलं तर एकच गाडी रंग बदलून पाच-सात वेळा. हे सगळं चालवून घेण्यासारखं होतं. चालवून न घेण्यासारखी गोष्ट एकच: गाडी तुटायची नाही. ताशी दोनशेने भिंतीवर घाला, नाहीतर दुसऱ्याच्या पोटात घाला, डबा पडल्यासारखा आवाज यायचा आणि गाडी पुन्हा चकचकीत. ब्रेक किती हातांवर लागेल हे मोजूनमापून खरं करणाऱ्या लोकांनी धडक मात्र खोटी ठेवली होती. इस्माईलभाई म्हणायचे, गाडीवाल्या कंपन्यांना आपली गाडी चेपलेली दाखवायची नसते. असेलही. त्यातून एक युक्ती निघत होती आणि ती माझी मीच शोधली. वळणावर ब्रेक दाबायचाच नाही. पुढे कोणीतरी असतंच. त्याच्यावर आपली गाडी घालायची. तो बाहेर फेकला जातो, आपला वेग मरतो, आणि आपण वळण घेऊन मोकळे.

मी त्या मालिकेचे पुढचे सगळे भाग घेतले. आता पस्तिशी उलटली आहे, बुलढाण्यात घर आहे, आणि रविवारी दुपारी मी अजून खेळते. लोक हसतात, हसू देत. दोन भागांच्या मध्ये ते लोक वर्षानुवर्षं ताटकळत ठेवतात, आणि नव्या भागात इंटरनेट गेलं की निम्मी गेम बंद, ही आणखी एक चीड आणणारी गोष्ट. आवाज मात्र सुधारले. बाकीच्या गाड्यांना थोडी अक्कल आली. धडक दिली की आताशा बंपरवर ओरखडा उठतो, पण पुढच्या शर्यतीला तो आपोआप गेलेला असतो. त्या खोटेला त्यांनी नुसता रंग दिलाय, एवढंच मी म्हणेन.

तर दुकान. मृग लागला की आमच्यासमोर सकाळपासून रांग. रांगेतली माणसं कावायची, भांडायची. एकदा बाबांनी टीव्ही आणि गेम उचलून काउंटरवर ठेवली, इन्व्हर्टरवर लावली आणि मला हाक मारली. मी खेळायला लागले तशी रांग गप्प झाली. माणसं तोंड उघडी टाकून पाहत राहिली. दोन वर्षांपूर्वी, मी मोठी झाले तेव्हापासून, मला दुकानात यायची बंदी होती. पडद्याच्या आत आई, चूल आणि मी. गेममुळे ती बंदी उठली. मी स्टुलावर, पंख्याखाली, सगळ्यांच्या समोर. बाबा माझ्याकडे बोट करून गिऱ्हाइकांना म्हणायचे, "माह्या पोट्टीले हरवून दाखवा, पाकीट घेऊन जा." कोणाच्या हातात जन्मात रिमोट आलेला नसायचा. कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो. माणसं उलटी पळायची, भिंतीला घासत राहायची, आणि दुकान खिदळायचं. पाकीट मिळायचं तर ते बाबांच्या मर्जीनं, शर्यतीशी त्याचा काही संबंध नसायचा. पण मला मात्र त्यांनी एकदा सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी हरशीन ना, त्या दिवशी मांगं चूल हायच." ते हसत म्हणाले होते. बाबा हसत जे म्हणायचे तेच खरं असायचं.

त्या रांगेत ड्रायव्हरकाका आले. नाव उत्तमराव, पण सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणायचे. तीस वर्षं सरकारी लाल गाडी चालवून नुकतेच निवृत्त झालेले. बुलढाण्याहून खाली मोताळ्याकडे उतरणारा घाट त्यांनी किती हजार वेळा उतरला असेल, आणि एवढ्या वर्षांत साधा आरसासुद्धा कुठे घासला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी वाट्याची दोन एकर स्वतः करायला घेतली होती. भाऊ गावभर सांगत फिरायचे की याला स्टेअरिंग कळते, वखर काय कळणार. म्हणून काकांना तेच वाण हवं होतं, दोन एकरांना दोन पाकिटं. काकूंनी आणि त्यांनी वावर तयार करून ठेवलं होतं, पाऊस हवा तेवढा पडला होता, आता चार-सहा दिवसांत बी जमिनीत जायला हवं होतं. आमच्या वहीत त्यांचा नंबर वरचा होता. बाबा रोज म्हणायचे, "उद्या या."

ते रोज यायचे. बाकीचे कटकट करायचे, काका मात्र टीव्हीसमोर फतकल मारून बसायचे आणि माझ्याकडे रिमोट मागायचे. पहिल्या दिवशी लायसनच्या पहिल्या परीक्षेत ते नापास झाले आणि दुकान कोसळेपर्यंत हसलं. बाबा म्हणाले, "तीस वर्ष बिगर लायसनचे फिरले की काय, ड्रायव्हरसाहेब?" काका पण हसले. पण तिसऱ्या वेळी ते पास झाले, आणि तिसऱ्या दिवशी ते माझ्या जवळपास वेळ काढायला लागले. मला आश्चर्य वाटलं, इस्माईलभाईंना नाही. ही गेम खऱ्या ड्रायव्हरला ओळखते, ते म्हणाले. काका गाडी हाणायचे नाहीत. वळणाच्या कितीतरी आधी वेग मारायचे, मग गाडी सोडायचे, आणि ती जणू त्यांच्या मनाने वळायची. "हे ब्रेक बराबर हाय," ते इस्माईलभाईंना सांगायचे. "भरल्या गाडीचं असंच होते, वजन सम्दं पुढं येते. ज्यानं केलं त्यानं गाडी चालोली अशीन. पन हे बाकीचे ड्रायव्हर आंधळे हायेत काय? यायले आरसे नाहीत?"

चौथ्या दिवशी बाबांनी आमची शर्यत लावली. दोघांना एकाच वेळी खेळायचं तर पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर मी, खाली ते. बाबा काउंटरवर हात आपटून म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, जितले त दोन पाकिटं आत्ताच्या आत्ता. हरले त नाही." लोक हसले. काकांनाही ती गंमत वाटली असावी, त्यांचा नंबर तर होताच. त्यांनी मांडी नीट घातली. तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी पुढे होते, दुसऱ्या फेरीत ते पुढे गेले. गेले म्हणजे माझ्या हातून चूक झाली आणि त्यांच्या हातून झाली नाही. दुकानात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "गेली पोट्टी." मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पडद्याकडे पाहत होते, हिरव्या पडद्याकडे.

शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणाआधीच्या सरळ रस्त्यावर मी त्यांच्या मागे आले. माझा वेग जास्त होता. आणि काकांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय कोणी केलं नसतं. त्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि उजवा हात रिमोटवरून काढून, खिडकीबाहेर काढावा तसा, पुढे जा म्हणून हलवला. मला साईड दिली. उजव्या अंगठ्याखालीच वेगाचं बटण होतं, हात सुटताच त्यांची गाडी मंदावली. मागून जोरात येणाऱ्याला जागा द्यायची ही तीस वर्षांची सवय, शर्यत चालू आहे हे हाताला काय ठाऊक. माझ्यासमोर रस्ता मोकळा होता. नुसतं पुढे जायचं होतं, मी जिंकलेच होते. मी त्या मोकळ्या रस्त्याने गेले नाही. मी गाडी डावीकडे वळवली आणि पूर्ण वेगात त्यांच्या अंगावर घातली. ते गिरक्या खात भिंतीवर गेले, मी वळण घेतलं. जिंकणं पुरेसं नव्हतं, बाबा हसायला हवे होते. ते हसले.

काका पडद्याकडे पाहत राहिले. त्यांची गाडी भिंतीला नाक लावून उभी होती, एक ओरखडा नाही. "हिले त काहीच झालं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "या गेममध्ये गाडी तुटत नाही, काका." त्यांनी खरोखर विचारल्यासारखं विचारलं, "मंग ब्रेक काऊन देला तिले?" त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. त्या मालिकेवर आजवर मी मोठमोठ्या लोकांची मतं वाचली, पण त्या एका प्रश्नाच्या पुढे कोणी गेलेलं मला दिसलं नाही.

बाबांनी काउंटरखालून आईचा डबा काढला, त्यातली दोन छोटी पाकिटं उचलली आणि काकांच्या पुढ्यात टाकली. "घ्या. गाडी कडेकडेनं चालोता, बियानंबी कडेचंच घ्या."

"शेठ, मले मोठे दोन पायजे. माहा नंबर हाय वहीत."

"हारल्यावर कायचा नंबर?"

काकांना आधी ते खरं वाटलं नाही. ते हसरा चेहरा तसाच ठेवून बाबांकडे पाहत राहिले, मग तो चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी ती छोटी पाकिटं उचलली, काउंटरवर एकावर एक नीट ठेवली आणि सायकल काढून निघून गेले. त्यांची दोन पाकिटं बाबांनी तासाभरात दुसऱ्याला दिली, खताच्या चार पिशव्यांसकट.

रात्री जेवताना आई भाकर वाढता वाढता म्हणाली, "त्यायनं साईड देल्ली होती ना तुले?" मला वाटलं नव्हतं की तिला साईड वगैरे कळतं. पडद्याच्या फटीतून ती रोज पाहत असणार. मी म्हटलं, "गेम हाय वं, आई." ती म्हणाली, "त्यायचं वावर गेम नाही ना पन." आणि माझ्या ताटात ठेचा वाढला, नेहमीएवढाच. मला तेव्हा आईचा राग आला. ती एक दिवससुद्धा त्या स्टुलावर बसली नव्हती.

पुढचे पाच-सहा दिवस ऊन पडलं. मातीची ओल उडायला लागली. शेजारच्या वावरांत पेरण्या उरकल्या होत्या. काका चिखलीला जाऊन आले, मेहकरला जाऊन आले, लोणारला कोणाकडे आहे असं ऐकून तिथेही गेले, हे इस्माईलभाईंनी सांगितलं. कुठेही ते वाण नव्हतं. भाऊ बांधावर येऊन विचारत होते, काय ड्रायव्हर, गाडी कधी सुटते? इस्माईलभाई हे बाबांना ऐकू जाईल असं बोलले. बाबा म्हणाले, "मंग? मी काय करू? माह्याजोळ नाहीत." तेव्हा कपाटात सहा पाकिटं होती. मी ती स्वतः लावली होती.

बाजाराच्या दिवशी दुकान खचाखच भरलं असताना काका आले. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. बाबांनी त्यांना पाहिल्याबरोबर म्हटलं, "संपले."

"पाकिटं संपले, शेठ," काका म्हणाले. "गेम त नाही संपली ना?"

लोक हसले. बाबांनाही ते आवडलं. काका टीव्हीसमोर बसले आणि मला म्हणाले, "लाव, बेटा." मी लावली. हिरवा दिवा झाला आणि माझ्या अंगठ्यानं बटण दाबायच्या आत त्यांची गाडी सुटली ती थेट भिंतीवर. मला वाटलं चुकलं असेल. त्यांनी ती मागे घेतली, रस्ता मोकळा असताना पुन्हा त्याच भिंतीवर घातली. मग उलट्या दिशेने पळवायला लागले. आणि मोठ्याने ओरडायला लागले, "चला, चिखली, चिखली, चिखली! मांगं सरका बाप्पा! कंडक्टर, घंटी मार बे!" समोरून येणाऱ्या गाडीवर गाडी घातली. "अरे म्हैस, म्हैस! कोणाची हाय बे म्हैस?" पुन्हा भिंत. "उतरा बाप्पा, स्टॅन्ड आलं!" दुकानातली माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होती. रस्त्यावरून जाणारे आत डोकावायला लागले. इस्माईलभाई समोरून आले, दारात उभे राहिले, आणि परत गेले. बाबा डोळे पुसत होते. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

माझी गाडी सुरुवातीच्या रेघेवरच उभी होती. मी काकांच्या शेजारी बसले होते, म्हणून मला जे दिसत होतं ते बाकीच्यांना दिसत नव्हतं. आवाज ओरडत होता, पण चेहरा लायसनच्या परीक्षेला बसलेल्या माणसाचा. प्रत्येक वेळी भिंत जवळ आली की त्यांचा अंगठा ब्रेककडे जायचा आणि ते तो ओढून परत आणायचे. दरवेळी. हे ते चुकून करत नव्हते. बाबांना काय हवं आहे हे त्यांना चार दिवस आमच्या दुकानात बसून कळलं होतं, आणि ते द्यायला ते दाढी करून आले होते.

बाबांनी कपाट उघडलं. दोन मोठी पाकिटं काढली आणि हातात धरली. काका थांबले. बाबा म्हणाले, "काऊन थांबले? अजून एक बार. त्या म्हशीवालं." काकांनी म्हशीवालं पुन्हा केलं. "आता स्टॅन्डवालं." काकांनी स्टॅन्डवालं केलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला, आणि त्यावरही लोक हसले. मग बाबांनी पाकिटं त्यांच्या पिशवीत टाकली. "घ्या ड्रायव्हरसाहेब. खुश केलं तुमी." सोबत खताची पिशवीसुद्धा गळ्यात मारली नाही. काकांनी रिमोट माझ्यापुढे ठेवला, वायर गुंडाळून.

त्यांनी त्याच दिवशी पेरलं. कपाशी बरी आली म्हणे. ते पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत, आणि ते गेले तेव्हा मी बाहेरगावी होते.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी मी हसले ते त्यांच्यासाठी. सगळ्यांबरोबर मीही हसले नसते तर बाबांचं मन पाघळलं नसतं, पाकिटं मिळाली नसती. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हाही हेच लिहायचं ठरवलं होतं. पण ते तसं नाही. ते ओरडत होते तेव्हा मी हसलेच नव्हते, त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होते. पाकिटं त्यांच्या पिशवीत पडली. ते उठले, गर्दीतून वाट काढत दुकानाची पायरी उतरायला लागले, पाठमोरे. कोणाला कोणाकडून काही मिळवायचं उरलं नव्हतं. तेव्हा मी स्टुलावर उभी राहिले आणि त्यांच्या त्या चिरकलेल्या आवाजात, हुबेहूब, ओरडले, "उतरा बाप्पा, स्टॅन्ड आलं!"

दुकान परत हशाने फुटलं. काकांनी वळून पाहिलं. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तशी थाप त्यांनी मला आधी कधी मारली नव्हती, आणि मला ती फार आवडली.